नानांचा चौकोन

हे प्रकरण मी जवळजवळ लिहिणारच नव्हतो. नानांचं खोदकाम लिहून झालं, बाबा घर सोडून गेले ते लिहिलं, परत आले तेही लिहिलं, आणि इथे येऊन हात थांबला. आतापर्यंतच्या गोष्टी एक तर नानांच्या होत्या, आणि ते, माझे आजोबा, आता आक्षेप घ्यायला नाहीत, किंवा बाबांच्या होत्या, आणि बाबांना स्वतःवर लिहिलेलं काहीही आवडतं. ही आत्याची आहे. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. फक्त मला बिचारी केलंस तर घरात पाऊल टाकू नकोस."

एवढ्या अटीवर लिहितोय. सलग बसून होत नाही. सुचेल तसं टाइप करतोय, मधे उठतोय, परत येतोय.

तर, चौकोन.

पाण्याच्या टाकीमागचं ते टेकाड नानांनी किती तरी हंगाम खणलं. काम बंद करताना एक कोपरा मात्र मुद्दाम तसाच ठेवला, एका खोलीएवढा. खोदणाऱ्यांची ही रीतच आहे. खणलं की ती जागा संपते. माती परत भरता येते, पण आतले थर परत येत नाहीत. म्हणून थोडं पुढच्यांसाठी राखून ठेवायचं, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरी साधनं असतील. आमच्या घरात त्याला नानांचा चौकोन म्हणतात. लहानपणी टेकाडावर कुठेही हुंदडायची परवानगी होती, चौकोनावर नाही. ताई, म्हणजे आत्याची मुलगी, एकदा त्यावर बसून सफरचंद खात होती. नानांनी तिला सफरचंदासकट उचलून खाली ठेवलं होतं.

नानांनी आपल्या पुस्तकात लिहिलं की हे गाव जळालं आणि तिथेच संपलं, परत कोणी राहायला आलं नाही. आत्याचं सगळं आयुष्य याच्या उलट म्हणण्यात गेलं. नाना असताना त्यांच्या तोंडावर, नाना गेल्यावर छापून. तिचा आधार एकच. चौकोनाच्या पूर्वेकडच्या उभ्या बाजूत, राखेच्या वर, बोटभर जाडीचा घट्ट मातीचा एक पट्टा दिसतो. आत्या म्हणते ती घराची जमीन आहे, माणसांच्या पायांनी तुडवलेली. बाकीचे म्हणतात पाण्याबरोबर आलेला गाळ. पट्टा आत चौकोनात जातो. चौकोन उघडला तर कळेल.

आणि तो उघडायची परवानगी आली होती. आत्याच्या नावावर, संग्रहालयाची प्रमुख म्हणून. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार आणि परवानगीही तिथेच संपणार. सोमवारी सुरुवात करायची असं तिने ठरवलं होतं.

हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती, तीही शनिवारपासून.

मी संग्रहालयात खापरांची चित्रं काढतो. शिकलेला नाही. कॉलेज अर्ध्यात सुटलं, आत्याने एका रिकाम्या टेबलाशी बसवलं, आणि चुकत चुकत जमायला लागलं. अर्ध्या बाजूला भांडं कापल्यावर कसं दिसेल ते काढायचं, अर्ध्या बाजूला बाहेरून कसं दिसतं ते. आत्या मला पेन्सिल म्हणते. लोकांसमोरसुद्धा. एकदा तर मंत्री आले होते तेव्हा.

त्या शनिवारी मागच्या बाजूच्या खोलीत आत्या आणि मी, दोघंच होतो. उत्तरेकडची मोठी खिडकी, खाली धुऊन वाळवलेल्या खापरांचे ट्रे. लाल वेगळी, करडी वेगळी.

"पेन्सिल, या मातीला कुठला रंग देशील?" आत्याने ढेकूळ पुढे केलं.

मातीचे रंग जुळवायला आमच्याकडे एक पुस्तक असतं, रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डासारखं. गेले काही महिने ती हे मलाच विचारत होती. मला वाटायचं, शिकवतेय. मी नंबर सांगितला. ती "हं" म्हणाली आणि हातातलं करडं खापर लाल ट्रेमध्ये ठेवलं.

मी ते उचलून बरोबर ट्रेमध्ये ठेवलं.

"हलवलंस?"

"हो."

"बरं." ती खुर्चीत मागे टेकली. "मधोमध पुसल्यासारखं झालंय. कडेने दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात."

"कान बरे आहेत माझे."

"तोंडापेक्षा बरे आहेत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं हळूहळू जाईल. मातीतले रंगांचे फरक तिला अजून कडेने, मान वाकडी करून, कळत होते. पुढच्या हंगामापर्यंत कळतील याची खात्री नव्हती.

"ताईला सांगितलंस?"

"चौकोन उघडला की सांगेन. आधी सांगितलं तर ती तिचं ते प्रयोगशाळेतलं तोंड करेल." मग जरा थांबून म्हणाली, "मला ते एकदा बघायचंय रे. दुसऱ्याने बघून सांगितलेलं नको. स्वतः."

मी पुढचं खापर तिच्या हातात ठेवलं.

*

रविवारी आत्याकडे सगळे जेवायला. तिचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. बोलताना मधेच खालून पंपाचा फुस्स-फुस्स आवाज येतो आणि नवीन माणूस दचकतो. ताई आदल्या संध्याकाळी आली होती, नमुन्यांच्या रिकाम्या डब्यांची पेटी घेऊन. ती मातीची तपासणी करते, दुसऱ्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत. बाबा, आई, मी. आणि माझा मित्र ट्रायपॉड. खरं तर तो संग्रहालयाचा फोटोग्राफर, पण तीनपैकी दोन पाय निसर्गाने दिलेत आणि तिसरा कायम खांद्यावर असतो. सोमवारचे फोटो त्यानेच काढायचे होते. जेवायचं कारण एवढंच नव्हतं. जेवण असेल तिथे तो असतो.

बाबा बांधकामाची कंत्राटं घेतात. नानांच्या मुलाने पाया खणावा आणि त्यात घर उभं करावं, हे नानांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"अक्का, उद्या माझी दोन माणसं पाठवतो," बाबा ताटावर बसता बसता म्हणाले. "वर शेड टाकून देतील. उन्हात नको बसूस."

"शेड नको, उजेड बदलतो. कापड चालेल. पांढरं."

"पांढरं कापड. झालं."

"मामा, एक मिनिट," ताई म्हणाली. "खणायचं नक्की झालंय का?"

"परवानगी आलीय," आत्या म्हणाली.

"परवानगी येणं वेगळं आणि ठरणं वेगळं."

"माझ्या घरी, माझ्या ताटावर, माझीच मुलगी मला अर्ज करायला लावतेय. भात वाढ गं हिला," आत्या माझ्या आईला म्हणाली.

आईने वाढला. ताईने ताट बाजूला सरकवलं.

"आई, ऐक ना. उद्या तुम्ही तो पट्टा ब्रशने उघडाल. हा फोटो काढेल, हा चित्र काढेल, आणि माती टोपलीत जाईल. आज चिमूटभर मातीतून मला कळतं की तिथे चूल होती की गुरं बांधली होती. मी शिकत होते तेव्हा हे कळत नव्हतं. अजून काही वर्षांनी याहून खूप जास्त कळेल. एकच तर तुकडा उरलाय. नानांनी तो कुणासाठी ठेवला? तुझ्यासाठी?"

"पुढच्यांसाठी ठेवला. मी नानांच्या पुढचीच आहे ना?"

बाबा जोरात हसले. "हे मात्र बरोबर."

"मामा, तुम्ही यात पडूच नका. तुम्ही मशीन लावून खणता."

"पण वेळेत खणतो."

"आणि हो म्हणायला तुम्हाला काय जातंय? तुम्हाला फक्त नाना चुकलेले बघायचेत."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि ताईला म्हणाली, "तुझं म्हणणं मला पटतंय. पण हे बोलायला नको होतं."

म्हणजे तोपर्यंत हिशोब असा: बाबा आत्याकडून, आई ताईकडून, ट्रायपॉड चौकोन उघडणाऱ्याकडून, मग तो कोणी का असेना. मी पाणी पीत होतो.

वाद वाढवायचा नाही म्हणून असेल, ताई उठली आणि ट्रायपॉडने सोमवारच्या तयारीसाठी आणलेले मोठे फोटो घेऊन आली. चौकोनाच्या उघड्या बाजूंचे. पूर्वेची आणि दक्षिणेची.

"बरं, मला दाखव तरी. कुठून सुरुवात करणार?" तिने वरचा एक फोटो आत्यासमोर ठेवला.

आत्याने हात पुसला. बोट फोटोवर टेकवलं. तिचं बोट बघत राहावं असं असतं, कधी चाचपडत नाही.

"हा वरचा भुसभुशीत थर. ही उंदरांची बिळं. ही राख, बघ किती सारखी बसलीय. आणि हा पट्टा. इथून निघतो, उजवीकडे जाताना जरा झुकतो, आणि इथे आत जातो. इथूनच सुरुवात."

फोटो दक्षिणेच्या बाजूचा होता.

त्या बाजूला पट्टा नाहीच. तिथे नंतरच्या कुणीतरी खणलेला मोठा खड्डा आहे, दगडांनी भरलेला, आणि त्याने सगळे थर कापून टाकलेत. आत्याचं बोट त्या दगडांवरून सावकाश, प्रेमाने फिरत होतं.

ट्रायपॉडने तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. बाबांना काही कळलं नाही, ते फोटो बघून मान डोलावत होते. आईला कळलं. ताईला तर आधीच.

"आई, ही दक्षिणेची बाजू आहे," ती हळूच म्हणाली.

बोट थांबलं.

"असेल. चष्मा आत राहिलाय माझा."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे."

खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं. तो आवाज थांबला. मग आत्याने सगळं सांगितलं, दोन-चार वाक्यांत. एखादी वस्तू कुठे सापडली, कशी आहे, एवढंच सांगावं तसं.

"कुणाला माहीत होतं?" ताईने विचारलं.

आत्या माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळत होती. तेवढं पुरलं.

"तुला," ताई म्हणाली.

"कालपासून."

"आणि तू जेवतोयस."

*

पुढचं मी सगळं पाहिलेलं नाही. ज्याने त्याने सांगितलं तसं लिहितो.

स्वयंपाकघरात ताई धुतलेली ताटं परत धूत होती. आई शेजारी पुसायला उभी राहिली. आई शाळेत शिकवते, समोरचा बोलेपर्यंत थांबायची तिला सवय आहे.

"मामी, मी तिला विचारलं, तुझ्यासाठी ठेवला का."

"तुला कुठे माहीत होतं?"

"तेच तर. माहीत असतं तर विचारलं नसतं. पण म्हणून मुद्दा चुकीचा होतो का? मुद्दा तोच आहे. कालही तोच होता."

"मग तोच सांग परत."

"आता कसा सांगू? अजून काही वर्षं थांब म्हणू तिला? मला थांबता येतं. मी थांबेन आणि मला बघायलाही मिळेल." ताईने नळ बंद केला. "सगळ्या घराने तिला थांबायलाच लावलं. आधी नानांनी, आता मी."

आई म्हणते की तिने फक्त ताईच्या हातातलं ताट काढून घेतलं, कारण ते फुटलं असतं.

गॅलरीत बाबा, मी आणि ट्रायपॉड.

"तिने खड्ड्यात उतरायचं नाही," बाबा म्हणाले. "शेड नाही, कापड नाही, काही नाही. कड दिसली नाही, पाय घसरला, मग?"

"काका, त्यांना कडाच दिसतात," ट्रायपॉड म्हणाला. "मधलं दिसत नाही."

"तू गप रे."

बाबा बराच वेळ खालच्या सायकली बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पोरगी म्हणाली ना मघाशी, मला नाना चुकलेले बघायचेत. खोटं नाही ते. मी परत आलो त्या दिवशी नानांनी दार उघडलं, बघितलं, आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसले. ताट अक्काने मांडलं. नानांच्या हिशोबात गेलेला माणूस परत येत नसतो. गावंसुद्धा नाही." त्यांनी नाक ओढलं. "अक्का बरोबर ठरलेली मला बघायचीय. पण पाय मोडून नाही."

आणि आत्या एकटी टेबलाशी. हे तिने मला नंतर सांगितलं, संग्रहालयाच्या गोदामात, हातात खापर असताना. तिला पकडलं गेल्याचं फारसं वाटत नव्हतं. कधी ना कधी होणारच होतं. तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं. ती परत परत त्या फोटोवरून बोट फिरवत होती. कागद गुळगुळीत, कुठेही सारखाच.

*

ताई कलिंगड कापून घेऊन आली. सगळे परत बसले, पण जागा बदलून. का कोण जाणे, बाबा ताईच्या शेजारी जाऊन बसले आणि आई आत्याच्या.

"खणू या," ताई म्हणाली.

तिने सगळ्यांपुढे फोडी सरकवल्या.

"मी रजा वाढवून घेते. नमुने मी काढेन, एक ढेकूळ वाया जाणार नाही. आई उभ्या बाजूतले थर वाचेल. सोमवारी, ठरल्याप्रमाणे."

"काही गरज नाही," बाबा म्हणाले.

"अहो, मघाशी तुम्ही शेड टाकत होतात," आई म्हणाली.

"मघाशी तिचे डोळे शाबूत होते."

"मघाशीही नव्हते. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच."

"मग माझी माणसं उतरतील. ती वर खुर्चीत बसेल आणि सांगेल."

"मामा, तुमची माणसं त्या पट्ट्यावर फावडं घालतील!"

"तूच तर म्हणत होतीस खणू नका!"

"आता म्हणतेय खणा!"

आत्या हसायला लागली. आधी कोणाला कळलंच नाही की ती हसतेय. "थांबा, थांबा. एकेकाने बाजू बदला, मला दिसत नाही नीट."

मग ती ताईकडे वळली. मान जराशी वाकडी करून, ताई डोळ्यांच्या कोपऱ्यात येईल अशी.

"तू का बदललंस?"

"असंच."

"असंच नाही. मघाशी म्हणालीस ते चुकीचं होतं?"

ताईने कलिंगडातल्या बिया काढायला सुरुवात केली.

"मी काय विचारतेय?"

"नव्हतं चुकीचं."

"मग?"

"मग तू आहेस ना, आई."

आत्या म्हणाली, "अहवालात काय लिहू? राखीव जागा उघडण्याचे कारण: खोदणारीचे डोळे?"

"लिही की. काय बिघडलं?"

"नानांनी मला सही करू दिली नसती. आणि मीही कुणाला करू दिली नसती. इतकी वर्षं संग्रहालय चालवलं. किती लोक आले, मॅडम, आत्ताच उघडा, आत्ताच बघू द्या, आमच्याकडे वेळ नाही. सगळ्यांकडे खरीच कारणं होती. सगळ्यांना नाही म्हटलं." तिने हात पुढे केला, ताईचं मनगट सापडेपर्यंत टेबल चाचपलं. "तू भांडत राहिली असतीस ना, तर मी सोमवारी खणलं असतं. हट्टाने. तू हो म्हणालीस आणि माझी पंचाईत केलीस."

"अक्का, तिच्यावर नको ढकलूस," बाबा म्हणाले. "तुला बघायचंय का नाही ते सांग."

"बघायचंय. खूप बघायचंय." आत्याने फोटो स्वतःपासून दूर सरकवला. "तेच तर. मी मघाशी दगडांवर जमीन दाखवली. तुम्हाला वाटलं पाठ केलेलं म्हणून दाखवतेय. तसं नव्हतं. मला दिसली. मधलं पुसलेलं आहे ना, तिथे काहीच दिसायला नको, आणि मला तिथे तो पट्टा दिसला. झुकलेला. सोमवारी खाली उतरले असते तरी मला तोच दिसला असता. तो तिथे असो किंवा नसो. मी वर येऊन म्हटलं असतं, बघितली मी जमीन. आणि तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली असती."

बाबांनी मान खाली घातली. ते मघाशी डोलावत होतेच.

आईने आत्याच्या पाठीवर हात ठेवला. आत्याने तो काढला नाही.

"राहू दे चौकोन," आत्या म्हणाली.

"म्हणजे नानाच बरोबर?" बाबांना ते सोडवेना.

"न उघडता कोणीच बरोबर नाही. ते पण नाहीत आणि मी पण नाही." मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "गोदामात चौकोनाच्या आजूबाजूच्या खड्ड्यांमधल्या खापरांची पोती आहेत. राखेच्या वरच्या थराची. मिसळलेला माल म्हणून नानांनी बाजूला टाकली होती, मीही कधी नीट उघडली नाहीत. मला कायम तो पट्टाच खुणावत होता. समजा लोक परत आले. जळालेल्या गावात. नवी भांडी कुठून आणणार? फुटलेलीच वापरणार. मोठ्या खापराची थाळी, लहान खापराचं झाकण. आणि फुटल्यावर वापरलं असेल तर तुटलेली कड घासून गुळगुळीत होते."

"कड बोटाला कळते," ताई म्हणाली.

"बोटं शाबूत आहेत माझी."

"तेवढ्याने नाही भागणार. पाण्याने वाहूनही कडा घासतात." ताईचं ते प्रयोगशाळेतलं तोंड झालं होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं. "तुटलेल्या कडेवर काजळी हवी. म्हणजे फुटल्यानंतर चुलीवर ठेवलं होतं."

"गाव जळतानाही काजळी बसली असेल की."

"म्हणून दोन्ही हवं. आधी घासलेली, मग वरून काजळी. असं एक-दोन नाही, भरपूर मिळायला हवं."

"काजळी मला नाही दिसायची."

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. आत्याचा नेम जरासा चुकला, ती ट्रायपॉडकडे बघत होती.

"पेन्सिल सांगेल," आत्या म्हणाली.

"आणि तुझ्या जागी येणारे नवे साहेब? ते येऊ देतील तुला गोदामात?" आईने विचारलं.

"त्यांना मी एवढंच सांगितलंय की खोल्या, गाडी, केबिन सगळं घ्या. मला गोदामात एक खुर्ची द्या. लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल, म्हातारी झोपायला येणार."

बाबांनी कलिंगडाची फोड उचलली. "खुर्ची मी देतो. तिथल्या खुर्च्या बघितल्यात मी."

*

सोमवारी सकाळी आम्ही टेकाडावर गेलो, कारण आठवडाभर आधीच चौकोनावरचं प्लास्टिक काढून ठेवलं होतं आणि ते परत घालायचं होतं. बाबांची माणसं आली होती, पांढरं कापड घेऊन. त्यांना परत पाठवताना बाबांनी काहीतरी कारण सांगितलं, मला ऐकू आलं नाही. टाकीपलीकडच्या मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती.

प्लास्टिक घालायच्या आधी आत्या पूर्वेच्या बाजूला गेली. ताईचा हात धरला नाही, पण ताई हाताच्या अंतरावर होती. आत्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. बराच वेळ बघत राहिली. तिला काय दिसलं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. "घाला," म्हणाली आणि बाजूला झाली. ताईने कडेने दगड ठेवले. एक बाबांनी ठेवला, तो ताईने उचलून नीट ठेवला.

ट्रायपॉड पूर्ण वेळ काही बोलला नव्हता, आणि हे त्याच्या स्वभावात बसत नाही. खाली उतरताना मी त्याची एक बॅग घेतली.

"रागावलायस?"

"नवीन लेन्स भाड्याने आणली होती. आता तिने काय, फुटबॉलचे फोटो काढू?" थोडं चालल्यावर म्हणाला, "राग त्याचा नाही. तुला काय वाटतं रे? परत आली असतील ती माणसं?"

"आली असावीत."

"बघ."

"काय बघ?"

"तुला आत्ताच वाटतंय. अजून पोतं उघडलं नाही." तो थांबला आणि खांद्यावरचा स्टँड खाली टेकवला. "आत्या कड चाचपणार. म्हणणार, ही घासलेली आहे. मग ते खापर तुझ्या हातात देणार आणि तोंड तुझ्याकडे करून थांबणार. काजळी आहे का नुसता मळ, नीट कळणार नाही. निम्मी खापरं तशीच असतात, मी रोज फोटो काढतो त्यांचे. तेव्हा तू काय म्हणणार?"

मला ते तोंड आधीच दिसत होतं.

"तू तिचा भाचा आहेस," तो म्हणाला. "तिने तुला टेबल दिलं. तिला जे हवंय ते तुला दिसणार. तिलाच दगडांवर दिसलं, तू तर काय. मी प्रत्येक खापराचा फोटो काढणारच आहे, तेव्हा मला कळेल. पण मला तुला पकडायचं नाहीये. म्हणून आधी विचारतोय."

मागे आत्या आणि ताई कशावरून तरी वाद घालत उतरत होत्या. पोती कुठल्या क्रमाने उघडायची, बहुतेक.

"जे दिसेल तेच सांगेन," मी म्हटलं. "नसेल तर नाही म्हणेन. आणि कळत नसेल तर कळत नाही म्हणेन."

"ती थांबून राहिली तरी?"

"ती थांबून राहिली तरी. दिवसभर थांबली तरी."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं आणि हात पुढे केला.